माझ्या गाडीचा टप

अण्णा,

खंडेनवमीला पूजेत ठेवलेली तुमची कात्री मी उचलली, त्याबद्दल मी तेव्हा माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी तुमच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले. लोक म्हणतात वय झालं की माणूस मऊ पडतो. मी काही पडले नाही बाई. आज परत नवमी आहे. खाली रस्त्यावर सकाळपासून गाड्या धुणं चाललंय, हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबं, कोहळे फुटतायत, वॉचमन चुरमुरे वाटत फिरतोय. मी गच्चीतून बघत होते आणि एकदम तुमचा राग आला. इतका ताजा राग, की चहा तसाच ठेवून लिहायला बसले.

तुमचं म्हणणं मी कधी नीट ऐकून घेतलं नाही असं आई शेवटपर्यंत म्हणायची. चूक. तुमचं सगळं म्हणणं मला पाठ आहे. "बाईनं गाडी चालवावी, सरी, माझी ना नाही. पण रिकाम्या धावपट्टीवर गोल गोल फिरायचं आणि निघालो तिथंच परत यायचं, ह्याला काय म्हणायचं?" बसवनगुडीतल्या दुकानाच्या उंबऱ्यावर, तोंडात दोरा धरून तुम्ही हे म्हणायचात आणि गिऱ्हाईक हसायचं. मोटारींचे कॅनव्हासचे टप आणि गाद्या शिवण्यात गावात तुमच्या वरचढ कुणी नव्हतं. आपले पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवत शिवत इकडे आले, तंबूवरून आपण टपावर आलो, हेही तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. लढाईबरोबर आलेल्या घरातल्या पोरीला शर्यत लावायची हौस आली तर एवढं नवल कसलं, हे मात्र तुमच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मी तेव्हा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेलं शाईनं गिरवायचं, दिवसभर. आमचे फोरमन अँग्लो-इंडियन, म्हातारे, शर्यतींचे वेडे. लढाईच्या वेळची विमानांची एक धावपट्टी गावाबाहेर पडून होती, तिथं सुट्टीच्या दिवशी त्यांचा क्लब गाड्या पळवायचा. एकदा त्यांनी मला नेलं, एक फेरी मला चालवायला दिली, आणि माझं वाटोळं झालं. तुमच्या शब्दांत सांगायचं तर. माझ्या शब्दांत सांगायचं तर त्या फेरीत पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणाची रेघ गिरवत नव्हते.

एका निवृत्त डॉक्टरांची जुनी छोटी विलायती गाडी मी घेतली, वरचा पत्रा गंजलेला पण चेसिस आणि इंजिन ठणठणीत. आता तिचं काय करायचं, ह्यावर फोरमनच्या शेडमध्ये महिनोन् महिने वाद. कॉफीच्या मळ्याचा एक साहेब मायदेशी परत चालला होता, त्यानं विलायतेहून मागवलेली गाडी अजून पेट्यांतच होती, नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासचं कवच, आपली आपण जोडायची. माझ्या गाडीचं इंजिन काढून त्यात बसवलं की झालं. हलकी, बुटकी, बाणासारखी जाणारी. फोरमन म्हणायचे, "मुली, डोळे मिटून ती घे." नाहीतर दुसरा रस्ता, माझ्याच चेसिसवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून नवीन दोन सीटांची बॉडी चढवायची. जड, उंच, जरा बावळट. मी ती दुसरी घेतली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मी सांगितलं, पेटीतल्या सांगाड्याला नंबर कोण देणार? मोटार खात्याचा इन्स्पेक्टर तो बघूनच हाकलून देईल. माझ्या चेसिसचं नोंदणीचं बुक आहे, नंबर आहे, मडगार्ड आणि दिवे लावले की ती रस्त्यावरची गाडी. धावपट्टीवर मी लॉरीत घालून नेणार नाही, चालवत नेणार आणि चालवत आणणार, भर रस्त्यानं. ह्यातलं रस्त्याचं कारण खोटं नव्हतं. मला ती आपल्याच गल्लीतून काढायची होती, ज्या गल्लीत बायका विचारायच्या की तुमच्या थोरलीला अजून उजवलं नाही का.

तुम्ही बजावलं होतंच, दसऱ्यानंतर हुबळीकडची स्थळं बघायची, मग हे थेर बंद. आणि दसऱ्याच्या सकाळी क्लबची शर्यत होती. माझी पहिली, आणि तुमच्या मनासारखं झालं असतं तर शेवटची. मला एकदा, एकदा तरी माझ्या गाडीत बसून ती लावायची होती. म्हणून मी चिडले अण्णा, कात्रीसाठी नव्हे.

रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटात उतरायचं तर नियम असा, की दिवे हवेत, हॉर्न हवा आणि टप हवा. शर्यतीत तो काढून ठेवा, पण तपासणीला चढवून दाखवायचा. टप! साऱ्या गावाचे टप ज्यांच्या दुकानात शिवले जातात त्यांची मी मुलगी, मला कसली काळजी? गणपतीच्या आधीपासून तुमच्या मागे लागले होते. तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत. "करू की." "बघू." "स्वल्प थांब, कॅनव्हास चांगला येऊ दे." कॅनव्हास आला, तुम्ही तो गाडीवर टाकून खडूनं मापंसुद्धा घेतलीत, आणि घडी करून फळीवर ठेवलात. नवमीच्या सकाळी मी न्हाऊन दुकानात आले तर कात्री, दाभण, मापाचा गज, मशीन, सगळं पाटावर मांडलेलं, कुंकू लावलेलं, मशीनला झेंडूचा हार. तुम्ही घंटा वाजवत होता. आरती झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "आता हत्यारं बसली. उद्या पूजा करून उठवायची. दसऱ्यानंतर शिवू तुझा टप."

दसऱ्यानंतर! मार्केटातले सगळे टपवाले आपलेच भाऊबंद, त्या दिवशी एकाच्याही घरात सुई चालणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. सरळ नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून देवाला मधे घातलंत. मला हीच गोष्ट लागली. नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण देवाच्या आडून? मी पाटासमोर बसले, नमस्कार केला, मशीनचा हार काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि कात्री उचलली.

आई दुकानामागच्या स्वयंपाकघरातून धावत आली. "अय्यो, अगं काय करतेस! देवाला तरी विचार!"

"विचारलं," मी म्हटलं. "नाही म्हणाला नाही. अण्णांसारखाच आहे."

तुमचा चेहरा मला आत्ता दिसतोय. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. तुम्ही हात उचललातही. मग दोन्ही हात काखेत घातलेत, कुणी थंडीत बसावं तसे, आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात. मी कॅनव्हास पसरते, कात्री लावते, आणि तुमच्या घशातून आवाज येतो, "तिथून नको. विणीच्या सरळ रेषेत काप. तिरका कापलास तर पहिल्या पावसात ओघळेल." मी कापते. "शिवणीला दोन बोटं सोड. तुझी नाही, माझी दोन बोटं." मी शिवते. "टाका केवढा घालतेस? गोणपाट शिवतेस काय?" आई म्हणाली, अहो, तुम्हीच म्हणालात ना आज हत्याराला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणालात, "कुठं लावलाय? डोळे मी पूजेत नव्हते ठेवले." "आणि तोंडही नव्हतं वाटतं," आई म्हणाली. दुपारचं जेवण गार झालं. कोपऱ्याच्या दुमडीपाशी माझ्यावर तीनदा उसवायची वेळ आली, तुमची बोटं काखेतून वळवळत बाहेर यायची आणि परत आत जायची. तुम्ही नियम मोडला नाहीत. मला हेही कबूल आहे की तो टप माझ्या बापजन्मात मला एकटीला जमला नसता. पण शिवला मीच.

शर्यतीचं तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता ऐका. तपासणीला एक रिटायर्ड कॅप्टन होते. त्यांनी टप चढवला, उतरवला, कोपऱ्याच्या दुमडीवर अंगठा फिरवला आणि विचारलं, हा कुणी शिवला? मी म्हटलं, मी. झेंडा पडला आणि मी गेले. पत्र्याच्या पिंपांना वळसा घालताना मागचं चाक गवतावर गेलं, पण गाडी वळली. दोघांना मी मागे टाकलं. मळ्याच्या साहेबाची ती बुटकी गाडी दुसऱ्या एका मळेवाल्यानं घेऊन जोडली होती, ती माझ्या शेजारून अशी गेली की मला तिचा रंगसुद्धा दिसला नाही. मी मधेच कुठंतरी आले. पण संध्याकाळी तिला दोऱ्या बांधून लॉरीवर चढवत होते, आणि मी टप पाडून, दिवे लावून, हॉर्न वाजवत माझ्या गाडीतून घरी आले. बसवनगुडीच्या रस्त्यानं. आपल्या गल्लीतल्या एकूण एक खिडकीखालून.

दुसऱ्या दिवशी फोरमन बन्नीचं, म्हणजे शमीच्या पानांचं, सोनं द्यायला आले आणि कौतुकानं सगळं सांगून बसले, कॅप्टननं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. ते गेल्यावर तुम्ही जे फुटलात! कात्रीसाठी नाही, शर्यतीसाठी नाही. "दुकानाचं नाव घ्यायला जीभ झडली असती? दुमड कुणाची ती? टाका कुणाचा?" मी म्हटलं, "तुम्ही हात लावला नव्हता." तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. हात काखेत धरून बसायचं आणि नाव मात्र हवं, असं नाही चालत अण्णा. तुम्ही उठून गेलात. त्यानंतर गाडीचा विषय आपल्या दोघांत बंदच झाला.

एक मात्र मी विसरलेले नाही. हुबळीचे लोक आले, मुलाच्या काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, लग्नानंतर त्या गाडीचं काय करणार? आईचा जीव टांगणीला. तुम्ही म्हणालात, "गाडी तिची आहे. तिला विचारा." मी सांगितलं, विकणार नाही. ते स्थळ गेलं, पुढचंही गेलं. तुम्ही मला एका शब्दानं बोल लावला नाहीत. पुढे मी माझ्या मनानं लग्न केलं, त्याच गाडीतून वरात आणली, तुम्ही मंडपात होतात, हसतही होतात. पण गाडीत बसला नाहीत. शेवटपर्यंत नाही. दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हासुद्धा टांगा मागवलात.

हे कुठं पाठवायचं नाही. घरात कुणाला वाचायलाही देणार नाही, उगाच सगळे माझी समजूत घालायला येतील. फक्त एक गोष्ट आहे, ती मी फोरमनना सांगितली नाही, आईला नाही, नवऱ्यालाही नाही. पेटीतल्या त्या गाडीला नंबर मिळाला असता. फोरमननी मोटार खात्यातल्या कुणाला तरी विचारून ठेवलं होतं, खटपट होती, पण झालं असतं. मी ती घेतली नाही, कारण तिला दार नव्हतं. कठड्यावरून पाय टाकून आत उतरायचं. जन्मभर मांडी घालून शिवून तुमचे गुडघे गेले होते, तुम्हाला ते जमलं नसतं. माझ्या गाडीला मी डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, रुंद दार ठेवून घेतलं आणि तिथली सीट उंच करून घेतली.

दसऱ्याच्या सकाळी निघताना मी गल्लीत इंजिन चालू ठेवून बराच वेळ थांबले होते. आई म्हणाली, अगं पेट्रोल जळतंय, निघ की. मी म्हटलं, इंजिन तापवतेय. ते केव्हाच तापलं होतं. डावीकडचं दार उघडं होतं, आणि मी दुकानाच्या बंद फळ्यांकडे बघत होते.