कुरोइवाने दाबलेला हात

सापोरो, जपान

माझ्या लुपेला, आणि तुझ्या मांडीवरच्या आपल्या लेकीला खूप खूप मुके.

मी ठणठणीत आहे. आपल्या टोंगा बेटांवर कधी न दिसणारा बर्फ इथे गुडघाभर पडलाय, पण भात-मासे पोटभर मिळतात. अक्षर वेडंवाकडं आलंय, ते इथल्या बुटक्या टेबलामुळे.

शनिवारच्या कुस्तीत कुरोइवाने मला मानेवर आपटलं. चूक माझीच, मी उशिरा वळलो. आमच्या ठरवून खेळलेल्या कुस्त्यांत अशा वेळी समोरचा पैलवान लोकांच्या नकळत पडलेल्याचा हात दाबतो. आपणही त्याचा दाबायचा, म्हणजे ‘ठीक आहे’ असं त्याला कळतं. मी दाबला.

नंतर हौदात आंघोळ करताना तो म्हणाला, “टोंगावाल्या, मी तीनदा दाबला. तू एकदाही नाही. मला वाटलं, गेलास.”

मी म्हटलं, “तुझी गंमत केली रे!” सगळे हसले. तो हसला नाही.

लुपे, मी उजव्या हाताने दाबला होता गं. अगदी जोरात.

उद्या पुन्हा त्याच्याशीच कुस्ती आहे. कुस्त्या भरवणाऱ्या मालकांना आम्ही दोघांनीही काही सांगितलेलं नाही. तूही आईला सांगू नकोस.

पोरीला दात आले का? मी आल्यावर विमानतळावर तिला माझ्या डाव्या हातावर दे. सवयीने उजव्यावर देशील, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

तुझाच,
सेमिसी