इग्वाकाची जुनी हाक

१२ जानेवारी
उद्या पिंजऱ्याचं दार उघडणार! फळं चिरताना दोनदा सुरी निसटली. हिरवेगार, कपाळावर लाल ठिपका — हे आमचे इग्वाका पोपट. सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले; रान पाहिलंय ते जाळीतूनच.

मारिया वादळाने एल युंके डोंगरावरचा रानातला शेवटचा थवा नेला. आमच्या पक्षी-केंद्राची प्रमुख मिग्दालिया; तिच्या माणसांनी दोन वर्षं डोंगर पालथा घातला — एकही पक्षी नाही. त्यांच्याबरोबर त्यांची हाकही गेली. पिंजऱ्यातले ओरडतात आखूड, सपाट. रानातल्यांची हाक लांब, आणि शेवटी घशात एक खटका! लग्न झालं तेव्हा आन्सेल्मो आणि मी रविवारी तीच ऐकायला वर जायचो. डबा तसाच राहायचा. आता आन्सेल्मो नाही, आणि ती हाक साऱ्या पोर्तो रिकोत कुणाला येत नाही.

मी शीळ घालून शिकवायला बघते. शाळेत सिस्टर पर्पेतुआ ओरडायच्या, "शीळ घालतेस? मरियामातेला काय वाटेल!" मिग्दालिया मला 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणते; पण तीही हसते — "दोन्या, पोपट नाही हो, गावातली कुत्री गोळा होतील!" खरंच आहे. तो खटका काही माझ्या शिळेत उतरला नाही.

१३ जानेवारी
दार उघडलं. बराच वेळ कुणी हललंच नाही. मग पायात पिवळी कडी असलेली पुढे सरकली — पिल्लू असताना हिला मी चमच्याने भरवलंय. दारात थबकली. आणि उडाली! धुक्यात तिचे पंख उलगडले, आतून निळे. इतकी वर्षं ती निळाई मिटलेलीच पाहिली होती मी. गुडघ्यांवर बसले तशीच चिखलात.
"दोन्या, चक्कर आली का?"
चक्कर नव्हे गं.

१९ जानेवारी
बाकीचे ताटलीवर येतात. पिवळी नाही. तिचा ठावठिकाणा सांगणाऱ्या गळ्यातल्या यंत्राचाही आवाज नाही.

२ फेब्रुवारी
मिग्दालिया हळूच म्हणाली, "वर ससाणे आहेत, दोन्या. मनाची तयारी ठेवा." मी तिला कॉफी दिली, स्वतःला ओतायची विसरले.
पिवळीची ताटली मात्र रोज भरते. उपाशी नको यायला.

२२ फेब्रुवारी
आली! ताडाच्या शेंड्यावर बसली, मान ताणली आणि हाक दिली — लांब. शेवटी घशात खटका.
मिग्दालिया कुजबुजली, "तुम्हीच शिकवलंत ना?"
नाही गं. वर रानात कुणीतरी उरलंय.