मऊ संत्र्यासाठी रम

दि. ९ मार्च
दुपारी, भांडी आवरल्यावर

लाडक्या चिंगीस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. जुलैत तुझी नोकरी पक्की होणार, मग रजा मिळणार, मग तू येऊन बाबाच्या साठाव्या वाढदिवसाला त्याला स्वतःच्या हाताने आपल्या बारचं ‘मऊ संत्रं’ करून पाजणार, हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. परत वाच म्हणाला, परत वाचलं. शेवटी तू विचारलंस, ‘आत्या, त्यात रम कुठली घालायची? दुकानातल्या बाटल्या बघून डोकं गरगरलं.’ त्यावर बाबा म्हणाला, ‘ताई, तिला फक्त रमचं लिही. दुसरं काही लिहिणार नाहीस, शपथ घे.’

घेतली. म्हणून हे पत्र रमबद्दल आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर माझा आवाज लगेच चुगली करतो.

तर ऐक. संत्रं आणि मलई यांचं मुळात पटत नाही. जरा आंबट लागलं की मलई रुसते आणि फाटते. म्हणून आधी संत्र्याची साल साखरेत चोळायची, साखर केशरी आणि ओलसर होईपर्यंत. मग रस, अगदी बेताचा. त्यात रम. मलई सगळ्यात शेवटी, बर्फासारखी गार. आणि शेकर असा हलवायचा की शेजाऱ्यांना वाटावं घरात भांडण जुंपलंय. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा चौथीत सुटली. आपल्या आठ स्टुलांच्या बारमध्ये मागे बसून संत्री पिळता पिळता आणि पेलेच्या पेले वाया घालवता घालवता कळत गेलं. फाटलेली मलई आता मी लांबून ओळखते.

मसाल्याची रम घेऊ नकोस. लवंग-दालचिनीचा एवढा गोंगाट असतो की संत्रं बिचारं दाराबाहेर उभं राहतं. नारळाच्या वासाची तर बघूही नकोस, ते अत्तर आहे. फार कडक असते ती मलईचा जीव घेते. राहिल्या दोन, पांढरी आणि काळी. इथेच तुझा बाबा आणि मी जन्मभर भांडलो.

तो म्हणायचा, ‘ताई, काळी रम म्हणजे आगाऊ पाहुणा. यजमानाला बोलूच देत नाही. पांढरी घाल, संत्र्याला तोंड उघडू दे.’

मी म्हणायचे, ‘तुझी पांढरी म्हणजे मुखदुर्बळ नवरा. घरात आहे की नाही तेच कळत नाही.’

तुझी आई होती तोवर ती दोघांनाही एका शब्दात गप्प करायची. ती गेल्यावर आम्हाला आवरणारं कुणी उरलं नाही. स्टुलावरचा पोस्टमन तर मुद्दाम काडी टाकायचा, ‘काय, आज कोण जिंकलं?’ जिंकायचा बाबाच, कारण काउंटर त्याच्या हातात. मी कधी लपूनछपून काळी ओतली की वासावरून ओळखायचा आणि कपाळाला अशी आठी घालायचा की गिऱ्हाईक हसून लोळायचं.

बार सध्या बंद आहे. दारावर पाटी लावली आहे, सुतारकाम चालू म्हणून. सुतार काही आलेला नाही. हे रमबद्दल झालं नाही, तेव्हा तू वाचलं नाहीस असं समज.

तू विचारलंस म्हणून काल दुपारी दोन्ही बाटल्या बाबाच्या खाटेपाशी नेल्या. त्याला पातळ काही चालत नाही, पाणीसुद्धा. घशातून खाली उतरायचं सोडून ते श्वासाच्या वाटेला जातं. घट्ट चालायचं, म्हणून इतके दिवस मऊ संत्रंच देत होते, बिनरमचं, चमच्याने. ‘जन्मभर विकलं, आता फुकट पितोय,’ म्हणायचा. गुरुवारपासून तेही बंद झालं. नर्सबाई म्हणाल्या, आता कापसाच्या बोळ्याने नुसते ओठ ओले करायचे.

हे सगळं रमबद्दलच आहे, चिंगे. पुढे वाच.

मी नर्सबाईंना विचारलं, ‘नुसता वास दिला तर चालेल का हो?’

त्या जरा वेळ पडदा सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘द्या, मावशी. वासाला कोण अडवतंय?’

पांढरी घालून पेला केला आणि त्याच्या नाकाशी धरला. डोळे मिटलेलेच. मान जराशी हलली, नाही म्हणून. मग काळी घालून केला. काही झालं नाही. मी पेला मागे घेणार तोच कपाळावर आठी चढली, तीच, काउंटरवरची. डोळे उघडले. म्हणाला, ‘काकवी.’ मग दम घेऊन, ‘काळीच, ताई. जिंकलीस.’

जे ऐकायला जन्मभर भांडले ते ऐकलं, आणि ते त्याला परत करावंसं वाटलं. म्हटलं, ‘नाही रे, तुझंच बरोबर. प्यायची असली तर पांढरीच.’ मग माझं मलाच कळलं, मी काय बोलले ते.

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. प्यायची असेल तर पांढरी. नुसता वास घ्यायचा असेल तर काळी, पिंपात बरीच वर्षं राहिलेली, बूच काढताच खोली भरेल अशी. तुझ्या बाबासाठी काळी आण. लहान बाटली पुरेल.

आणखी एक. रम कितीही वर्षं राहते. मलईचं तसं नाही. मी रोज सकाळी ताजी आणून ठेवते आणि संध्याकाळी मांजरीला घालते. जुलैपर्यंत टिकेल अशी मलई कुठल्याही दुकानात मिळत नाही, मी विचारून पाहिलं. तुझ्या नोकरीविषयी एक अक्षर लिहायची मला मनाई आहे, तेव्हा लिहीत नाही.

माझ्या प्रत्येक पत्राखाली बाबा तुझ्यासाठी एक वाकडा पेला काढतो. आजही जागा सोडली होती. पेन हातात दिलं, धरलंही त्याने. मग बोटं सैल पडली. जागा तशीच पाठवते आहे.

शपथ मी मोडलेली नाही. बाबा तुला विचारील, ‘आत्याने काय काय लिहिलं होतं?’ तर सांग, फक्त रमचं. हे तो तुला विचारू शकतोय, तोवर ये.

त्याची ताई, आणि म्हणूनच तुझी,

आत्या