चित्राचा डावा कोपरा

१२ फेब्रुवारी, बुधवार

ती. वन्संना,

भावजयीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचा गुडघा काय म्हणतो, लेकीकडे जाऊन आलात का, हे सगळं विचारलंय असं समजा. दोन वर्षांत आपण पत्र तर सोडाच, फोनवरसुद्धा 'देते ह्यांना' याच्यापुढे गेलो नाही. तेव्हा हे जाडजूड पाकीट बघून तुमच्या कपाळाला आठी पडणार. पडू दे, पण शेवटपर्यंत वाचा.

पहिली बातमी बाहेरून कळण्याआधी आमच्याकडून कळलेली बरी. मामंजींच्या खोलीचं आम्ही थिएटर केलं. घरातल्या घरात, दोन रांगांचं. खोली तुमच्या वडिलांची, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. ह्यांचं म्हणणं, "ताईला बांधून झाल्यावरच दाखवू." म्हणजे तुम्हाला नाही म्हणायची सोयच नको. तुमचा भाऊ तुम्हाला पुरता ओळखून आहे.

निवृत्त झाल्यावर कुणी बाग करतं, कुणी शेजाऱ्यांना सल्ले देतं. ह्यांनी सिनेमा धरला. हौसेला मोल नसतं हे ऐकून होते, पण हौसेला प्लायवूड किती लागतं ते यंदा बघितलं. खिडकी आतून बंद केली, भिंतींवर कापसासारखं काहीतरी भरून राखाडी कापड ताणलं, छत काळं केलं. गालिचा एवढा जाड की सुई पडली तर जन्मात सापडायची नाही. दाराच्या कडांना रबराची पट्टी लावली. दार लावलं की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. एकदा घरात कुणी नसताना मी आत जाऊन चांगली मोठ्यानं ओरडून आले. बरं वाटलं. लग्न होऊन आले तेव्हाच ही खोली का नव्हती, असं झालं.

सिनेमाचं मशीन बसवायला येणाऱ्या माणसाचं नाव मुलानं 'सराउंड' पाडलं, कारण 'सराउंड साउंड' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. माणूस बोलघेवडा, हातापेक्षा तोंड जास्त चालणारा. ह्यांचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ह्यांच्या मते स्पीकर फार कडेला, स्क्रीन फार मोठा, खुर्च्या फार पुढे. खुर्च्या तर ह्यांनी इतक्या मागे सारायला लावल्या की मागची रांग भिंतीला टेकली.

"साहेब, एवढ्या लांबून बघायचं तर हॉलमधला टीव्ही काय वाईट होता?" सराउंड म्हणाला.

"मला सगळं चित्र एका नजरेत हवंय."

मागच्या रांगेखाली सुतारानं लाकडी चौथरा केला. येता-जाता हे त्याच्या कडेला अडखळायचे. एक दिवस सुतारावरच खेकसले, "हा रोज पुढे सरकवतोस का रे?" सुतार बिचारा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, नवीन आहे, होईल सवय.

तशा हल्ली बऱ्याच वस्तू ह्यांच्या वाटेत येत होत्या. फाटकाचा खांब गाडीला घासला, तर खांबच पुढे आलाय म्हणाले. समोरच्या मास्तरांनी मला थांबवून तक्रार केली, "वहिनी, साहेब निवृत्त झाल्यापासून ओळखच दाखवत नाहीत." मी म्हटलं, "अहो, वडिलांच्या वळणावर गेलेत." मास्तर हसले, मीही हसले. आपल्या घराचं ते वळण सगळ्या गल्लीला माहीत आहे.

गाडी आता मुलगा चालवतो. ते का, हेच सांगायला बसलेय आणि मघापासून सुतारकामात वेळ काढतेय.

काम संपलं त्या दिवशी, भर दुपारी, सराउंडनं स्क्रीनवर तपासणीचं चित्र लावलं. मधोमध एक फुली आणि चारी कोपऱ्यांत एकेक आकडा. हे मधल्या खुर्चीत ऐटीत बसले, आणि म्हणाले, "डावीकडे खालचा आकडा कुठाय?"

"आहे की साहेब. तीन."

ह्यांनी मान वळवली. "हां, आला." परत फुलीकडे बघितलं. "हे बघ, गेला. बघितलं की येतो, नजर काढली की जातो. तुझी वायर लूज आहे."

सराउंड शिडीवर चढला. वायर काढून घातली, मग बदलली, मग मशीनच थोडं वळवलं. हे प्रत्येक वेळी म्हणत, "आला... गेला." मुलगा म्हणाला, "बाबा, मला सारखा दिसतोय." हे भडकले. "म्हणजे मी काय खोटं बोलतोय?" सराउंडच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं की गिऱ्हाईक खुसपट काढतंय. आणि मी हसत होते, वन्सं. मग मला हसू येईना.

मी ह्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. म्हटलं, "फुलीकडेच बघा, मान हलवू नका." गालाशेजारी हात धरला, बोटं हलवली. "मी काय करतेय?"

"मला काय माहीत? तू कुठे आहेस?"

हात हळूहळू पुढे नेत गेले. पार त्यांच्या नाकापाशी आला तेव्हा हे दचकले. ज्याला म्हणून गप्प बसता येत नाही तो सराउंड शिडीवरून उतरला, बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार पुढे गेलेला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, कडेकडेचं दिसणं कमी होत जातं आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ ह्यांनी घडाघडा वाचली. मला वाटलं, सुटलो. त्या म्हणाल्या, मधली नजर अगदी शेवटी जाते, म्हणून तर सगळे फसतात. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब टाकले तर उरलेली राखता येते. थेंब मी टाकते. हे लहान पोरासारखे डोळे घट्ट मिटून घेतात. मला फार भीती वाटते, वन्सं. ह्यांच्यासमोर म्हणता येत नाही म्हणून तुम्हाला लिहितेय.

थिएटर तयार आहे. पहिला सिनेमा अजून लागलेला नाही. हे दुपारी आत जाऊन दार लावून बसतात. काल मी उघडून बघितलं, तर मशीन बंदच होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होता का? हे नाही म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मामंजी उभे राहिले. जिवाभावाचा मित्र बाजूनं गेला तरी ढुंकून न बघणारे. शेजारी ठेवलेला पेला हात लागून सांडला की "इथे कुणी ठेवला?" म्हणून घर डोक्यावर घेणारे. आपण सगळे त्यांना ताठ म्हणत आलो. तुम्हा भावंडांना तर त्याचा अभिमानच. आता वाटतं, शेवटच्या वर्षांत त्या माणसाला आपण दिसतच नव्हतो. आणि आपण त्याच्या मागे त्याच्या नकला करत होतो.

सख्ख्या भावंडांना लगेच तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. हे तुम्हाला कळवायला तयार नाहीत. "ताईला नको, ती घाबरेल," म्हणतात. घाबरण्यातल्या तुम्ही नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. धाकट्या भावाचं हे असं झालेलं तुम्हाला कळू नये, एवढंच. म्हणून हे पत्र चोरून. फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असतात, "माझे डोळे खणखणीत आहेत, सुईत दोरा मी स्वतः ओवते." ओवत असाल. सुई तुम्ही डोळ्यांसमोर धरता.

आता शेवटचं. आमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसला होतात. माझी आई तुमच्यासाठी स्वतः चहा घेऊन आली. तिचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, तरी दुसऱ्या कुणाला आणू दिला नाही. तुमच्या बाजूला उभं राहून तिनं कप पुढे केला, हळूच काहीतरी म्हणाली. त्या गोंगाटात तिचा आवाज कुठला ऐकू जाणार? तुम्ही समोर बघत राहिलात. ती कप धरून तशीच उभी. निम्मा चहा बशीत सांडला, तेव्हा मागे फिरली. मला म्हणाली, "त्यांना माझ्या हातचं नको असेल गं." पुढच्या वर्षी ती गेली. तुम्ही भेटायला आलात आणि मी खोलीतून बाहेर आले नाही. त्याचं कारण तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल. ते हे.

हा राग मी तेव्हापासून नीट सांभाळलाय. आता मला कळेनासं झालंय की तुम्ही तिच्याकडे बघितलं नाहीत, की ती तुम्हाला दिसली नाही.

याच आठवड्यात डोळे दाखवा. लेकीला बरोबर न्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. भावाला काचबिंदू आहे, वडिलांनाही असावा, असं स्पष्ट सांगा आणि कडेची नजर तपासून घ्या. मग मला कळवा. ह्यांना नको, मला.

डोळे चांगले निघाले, तर त्याचा अर्थ तुम्ही त्या दिवशी माझ्या आईला बघितलंत आणि तिच्या हातचा कप घेतला नाहीत. चालेल मला. रोज ह्यांच्या डोळ्यांत थेंब टाकताना मी देवाकडे तेच मागते, की माझी नणंद तेव्हा उद्धटच असू दे. राग मी जन्मभर निभावून नेईन.

तुमच्यावर रागावलेलीच राहू पाहणारी,
तुमची भावजय