रूपगढच्या महाराजांचं सुतक

भानू, पोस्टकार्ड उघडं असतं, हे तुला साठी उलटली तरी कोणी सांगितलं नाही का? त्यावरचं आधी महूचा डाकिया वाचतो, मग इंदूरचा वाचतो, मग आमच्या गल्लीत ज्याच्या हाताला लागेल तो वाचतो, आणि सगळ्यांचं वाचून झालं की मग मी. तुझं कार्ड काल मंगळवारी आलं. आमचा लक्ष्मीकांत डाकिया गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला की जनाबाई, महूवाल्या बहिणीनं विचारलंय, रविवारचा भाग पाहिलास ना, आता बोल. समोरच्या ओट्यावर प्रेमलताबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी हात थांबवून ऐकलं. आता बोल म्हणजे काय बोल? एवढं मोठं कार्ड, त्यावर दोन ओळी, खाली चार बोटं कोरी जागा सोडलीस आणि मुद्द्याचं एक अक्षर नाही. तू कोणत्या बाजूची तेही कळायला मार्ग नाही. गणपतीत राजमातेकडून बोलत होतीस, दसऱ्याला राणीकडून, आणि दिवाळीत म्हणालीस, मला तर दोघींचे दागिनेच आवडतात.

असो. चि. सौ. भानुमतीस इंदूर रामबागेहून जनाअक्काचे आशीर्वाद. शंकररावांना नमस्कार सांग. त्यांचा खोकला गेला असेल तर बरं, नसेल तर विड्या बंद कर, औषध बदलू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? सुनेचं विचारत नाही, ते तू न विचारता लिहितेसच. इकडे सगळं ठीक. माझे दात होते तेवढेच आहेत. तुझे भाऊजी बरे आहेत, म्हणजे शरीरानं. बाकीचं पुढं लिहिते. (यशोधरा म्हणाली, आजी तू सांग, मी लिहून देते. नातीनं लिहिलेल्या पत्रात माझ्या तोंडचं निम्मंच उतरतं, म्हणून स्वतः लिहिते आहे. दुसरीपर्यंत शाळा झाली तेवढी पुरे.)

तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण तू अर्धं विसरतेस. रविवारी नऊ वाजता ‘रूपगढ की राजमाता’ लागलं की आमच्या पुढच्या खोलीत बारा बायका जमतात. हे गेल्या वर्षापासून चालू आहे. आमच्या मुलानं, जयसिंगनं, टीव्ही आणला तो काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं आणि दारांना कुलूप. पोहे मी करते, शेव आणि वरून भुरभुरवायचा जीरावन मसाला ज्याचं त्यानं घ्यायचं, आणि मालिका चालू असताना चमचा वाजवायचा नाही, एवढाच नियम. तोही तुझ्या भाऊजींमुळे मोडतो. ते जुन्या राज्यात जामदारखान्यात कारकून होते, म्हणजे सरकारचे कपडे-दागिने जिथं सांभाळत तिथं. राज्य जाऊन चाळीस वर्षं झाली, पण यांची नोकरी काही सुटली नाही. रूपगढचे महाराज पडद्यावर आले की हे उठतात आणि वाकून तीन वेळा मुजरा करतात. तोवर महाराज काय बोलले ते कोणाला दिसत नाही, कारण पुढं यांचं धोतर. मग बसताना सांगतात, पगडी चुकीची बांधली आहे, तुरा डावीकडे कोण लावतं. मी म्हणते, अहो, त्यांना पत्र लिहा. तर म्हणतात, मालकांना चूक दाखवायची नसते.

आता गोष्टीवर येते. महाराजांची आई राजमाता आणि बायको छोटी राणी, या दोघींचं पटत नाही हे तर पहिल्या भागापासून आहे. मी पहिल्या भागापासून राजमातेकडून. बाई विधवा, पांढरं पातळ, कपाळ मोकळं, आवाज कधी चढवत नाही आणि सगळा कारभार किल्ल्यांच्या एका जुडग्यावर चालवते. राणीचं काय, सासरी आली त्या दिवसापासून पदर अर्ध्यावर आणि नजर तिजोरीवर. प्रेमलताबाई नेमक्या उलट. त्यांनी दिवाळीत रंगीत टीव्ही आणला आणि तेव्हापासून म्हणायला लागल्या की राजमातेचं पातळ पांढरं नाहीच, जांभळं आहे आणि त्याला जरीचे काठ आहेत. विधवा राजमाता जांभळ्या जरीत मिरवते, ती पोराचं भलं काय करणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाई, तुमच्या टीव्हीचे रंग उडालेत, दुकानदाराला परत दाखवा. आमच्या टीव्हीत स्वच्छ पांढरं दिसतं. गल्लीत यावरून दोन तट पडले. ज्यांच्याकडे रंगीत ते राणीचे, ज्यांच्याकडे काळा-पांढरा ते राजमातेचे. ज्यांच्याकडे टीव्हीच नाही ते ज्याच्या घरी पोहे गरम त्यांचे.

आणि मागल्या-मागल्या रविवारी महाराज केशरी दूध प्यायले आणि पडले. दूध राजमातेच्या स्वयंपाकघरातून निघालं, पेला राणीनं हातात दिला. विष कोणी घातलं, ते पुढच्या रविवारी राजवैद्य भरल्या दरबारात सांगणार. प्रेमलताबाई तिथंच, माझ्या सतरंजीवर बसून, माझे पोहे खात म्हणाल्या, सासूचंच काम आहे. माझं डोकं फिरलं. मी बारा जणींसमोर म्हटलं, प्रेमलताबाई, आई पोराला विष देत नसते. राजमातेनं दिलं असेल तर मी स्वतः तुमच्या स्वयंपाकघरात येऊन सगळ्यांना पोहे करून घालीन. (तुला माहीत आहे, अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हळदीकुंकवाला मला दुसऱ्या रांगेत बसवलं, तेव्हापासून मी त्यांचा उंबरा चढलेली नाही. आमचे सासरे घोड्यावर असत आणि त्यांचे आजेसासरे लगाम धरत, हे सगळ्या रामबागेला माहीत आहे.) त्या म्हणाल्या, ठीक, आणि राणीनं दिलं असेल तर तुमच्या पोह्यांना कोरडे म्हटलं ते सगळ्यांसमोर परत घेईन. म्हणजे मागं म्हणत होत्या, ते त्या दिवशी तोंडावर कळलं.

आता आठ दिवस थांबायचं आणि जिंकायचं, एवढंच माझं काम उरलं होतं. पण तुझ्या भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढली, म्हणाले, सरकार गेले, आणि उठून टीव्ही बंद केला. पुढच्या रविवारची झलकसुद्धा पाहू दिली नाही. सरकती दारं ओढली, कुलूप लावलं, वर धुतलेली पांढरी चादर टाकली आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. तेरा दिवस सुतक. त्यांच्या वडिलांनी धन्यासाठी पाळलं होतं म्हणून हेही पाळणार. दाढी बंद, गोड बंद आणि शेव बंद. इंदुरातल्या घरात तेरा दिवस शेव नाही, हे लिहायलाही मला लाज वाटते. मी म्हटलं, अहो, तो नट आहे, साबणाच्या जाहिरातीत तोच माणूस रोज अंघोळ करतो. तर म्हणतात, आता अंघोळ घालावीच लागेल त्यांना. अशा माणसाशी काय बोलायचं? किल्ली काढून घेईन म्हटलं, तर बाहत्तर वर्षांच्या नवऱ्याच्या करदोट्याशी झटापट करायची का दिवसाढवळ्या?

बायका दोन मिनिटं हळहळल्या आणि म्हणाल्या, मग पुढचा रविवार प्रेमलताबाईंकडे. मी म्हटलं, जा, मला मालिकेची एवढी पडलेली नाही, मला खजरान्याला गणपतीला जायचंय. बोलले म्हणून जावं लागलं. रविवारी सकाळी टेम्पोत बसून खजरान्याला गेले. दर्शन घेतलं, ते खरं. बाहेर आले तर हार-नारळवाल्या भियाच्या दुकानात फळीवर छोटासा टीव्ही, आणि त्यावर रूपगढचा दरबार भरलेला. देव पावला म्हणतात तो असा. मी चपला घालायच्या निमित्तानं थांबले. चपला घालायला मला वीस मिनिटं लागली. मागं वीस-पंचवीस माणसं जमली, कोणी म्हणे अम्माजी थोडं सरका, मी कशाला सरकते. राजवैद्य पुढं आला. पेला हातात घेतला. नाकाशी नेला. राजमातेकडे पाहिलं, मग राणीकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘महाराज को विष दिया है’, आणि लाइट गेली.

भानू, मी आयुष्यात पुष्कळ माणसं जाताना पाहिली, पण एवढी शांतता कधी ऐकली नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. हारवाला म्हणाला, राणीच, तिच्या डोळ्यांतच दिसतंय. राऊ गावाहून नव्या स्कूटरची पूजा करायला आलेला एक जण म्हणाला, अरे भिया, दोघी नाही, दिवाण आहे, मैं लिखके देता हूँ. एक बाई म्हणाली, महाराज मेलेच नाहीत, नाटक करतायत. तिला मी म्हटलं, आमच्या घरी सुतक चालू आहे, मेले नाहीत कसे. लाइट आली तेव्हा पडद्यावर एक माणूस शेतीला खत किती घालायचं ते सांगत होता.

परत आले तर गल्लीत बायका प्रेमलताबाईंकडून निघत होत्या. त्यांची तोंडं पाहून काही कळेना. हसत होत्या, पण पोहे खाल्ल्यावर बायका हसतातच. प्रेमलताबाईंनी ओट्यावरून विचारलं, काय जनाबाई, पाहिलात का भाग? माझ्या तोंडून निघून गेलं, पाहिला की, खजरान्यात, शेवटपर्यंत. त्या म्हणाल्या, मग आता काय म्हणणं? मी म्हटलं, पहिल्यापासून म्हणत होते तेच. त्यावर त्या उठून आत गेल्या. हरून गेल्या की माझी कीव करून, हे मला तीन दिवस झाले कळलेलं नाही. पण मला खात्री आहे. आई पोराला विष देत नाही.

घरात विचारावं तर घर कसलं, शत्रूचा किल्ला. यशोधरा त्यांच्याकडेच जाऊन पाहून आली (कॉलेजात जाणाऱ्यांना सुतक लागत नाही म्हणे) आणि म्हणते, आजी, आधी म्हण, छोटी राणी चांगली आहे, मग सांगते. हे मी म्हणणार नाही. सून म्हणाली, दिवाणानं केलं, पण म्हणताना कढईकडे बघत होती, आणि ती खोटं बोलताना कढईकडेच बघते. आणि तुझे भाऊजी ऐक. रविवारी संध्याकाळी त्यांच्या मिशीला मला जीरावन दिसलं. आमच्या घरात शेव नाही, पोहे नाहीत, जीरावन कुठून आलं? विचारलं तर म्हणाले, प्रेमलताबाईंकडे समाचाराला गेलो होतो, त्यांच्याकडेही जुन्या राज्याचं मीठ आहे, दुःखाच्या घरी जावं लागतं. म्हटलं, म्हणजे भाग पाहिलात? तर म्हणे, नाही, शोकात मान खाली असते, पाहिला नाही, नुसता ऐकला. मग सांगा, कोणी दिलं विष? तर हा माणूस, ज्याच्याशी मी त्रेपन्न वर्षं संसार केला, मला म्हणतो, दरबारातली गोष्ट बाहेर सांगायची नसते.

माझं काही अडलेलं नाही, तू काळजी करू नकोस. सुतक परवा शुक्रवारी फिटतं, रविवारी कुलूप निघेल, बारा जणी येतील, आणि प्रेमलताबाई सगळ्यांसमोर माझ्या पोह्यांची माफी मागतील. मी तर सतरंजी धुवायलाही काढली. गुडघ्याला तिळाचं तेल लाव. थंडीत अंगणात बसू नकोस.

तुझी अक्का,
जनाबाई

ता. क. तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहिलं, दुसरं काही कारण नाही. पण आता लिहितेच आहे तर, विष कोणी दिलं ते एका ओळीत लिही. लिफाफ्यात घालून, डिंक दोन्हीकडे लावून. शनिवारच्या डाकेत मला मिळालं पाहिजे.

दुसरं ता. क. तुमचा टीव्ही रंगीत आहे. राजमातेचं पातळ कोणत्या रंगाचं, तेही लिही. जांभळं असेल तर नुसतं ‘हो’ लिही, रंगाचं नाव घालू नकोस, लिफाफा कोणी फोडला तर.

तिसरं ता. क. राजमातेनंच दिलं असेल तर लिहूच नकोस. शनिवारी संध्याकाळच्या बसनं स्वतः ये. बारा जणींचे पोहे आहेत, परक्या स्वयंपाकघरात कांदा मी एकटी चिरणार नाही, आणि तो उंबरा चढताना बरोबर आपलं कोणीतरी असलेलं बरं दिसतं. पण तू आलीस आणि राजमाता निर्दोष असली, तर तुला परतीच्या गाडीत बसवीन.

उत्तर तूच द्यायचं. शंकररावांनी नाही, ते त्या वेळी झोपलेले असतात आणि जागं झाल्यावर मनचं सांगतात. सुनेनं तर मुळीच नाही, सून आहे, ती सासूलाच दोषी धरणार.