नवी पट्टी

सरस्वतीपुरम, मैसूर
फाल्गुन

प्रिय जानकी,

पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळे ठीक आहेत. हे फोनवर बोलता आलं नसतं. फोनवर तू मला कुकरच्या शिट्ट्या ऐकवतेस आणि गाण्याचं नाव काढलं की 'बरं, ठेवते' म्हणतेस. कागद मात्र एकदा उघडला की वाचावाच लागतो.

आपल्या रस्त्यावरची गुलाबी झाडं यंदा लवकर फुलली. सकाळी ऑफिसला निघालेली पोरं स्कूटरच्या सीटवरची फुलं झटकून निघून जातात, वर कोणी बघत नाही. हवा कोरडी झाली आहे आणि व्हायोलिनच्या खुंट्या सुटायला लागल्या आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अशी घट्ट बसते की फिरवताना मनगट दुखतं. या दिवसांत तीच आक्रसते आणि बोट लागलं तरी मागे फिरते. पूर्वी मी चिडायचे. आता वाटतं, ते बिचारं ऋतूबरोबर बदलतं, आपणच त्याच्याकडे गेल्या महिन्याचा सूर मागत बसतो.

कॉन्व्हेंटमधलं ते रेन ट्रीचं झाड आठवतं? त्याच्याखाली तू मला पहिल्यांदा बिघडवलंस. सिस्टरांनी मला उभं राहून, समोर नोटेशनचा कागद ठेवून वाजवायला शिकवलेलं. कागद वाऱ्याने उडाला की माझा हातही थांबायचा. तू डबा खाता खाता म्हणालीस, 'साकु ग ते वाचणं, पुरे. मी म्हणते ते पकड.' आणि तोंडात चपाती असतानाच काहीतरी गुणगुणलीस. मी व्हायोलिनवर चुकत चुकत तुझ्या मागून आले. घरी अप्पांनी मला जमिनीवर बसवून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून वाजवायला शिकवलं ते नंतर. पण कागद सोडायला शिकवलंस तू.

तेव्हापासून मी तुझ्या मागूनच चालत आले आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. तू एक ओळ म्हणायचीस, तिची सावली माझ्या तारांवर पडायची. मग तू मान किंचित वळवून पुटपुटायचीस, 'बा ग.' कानडी 'ये'ला आपलं मराठी शेपूट. समोरच्यांना वाटायचं तू देवाचं नाव घेतेस. तेवढ्या एका शब्दावर मी माझं काहीतरी वाजवायचे. काय वाजवणार ते मलाही ठाऊक नसायचं. पण पडले तर तू आहेस, हे ठाऊक असायचं.

तुझ्या थायरॉइडच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, आवाज आता एवढाच, आणि तू लेकाकडे, तरुणकडे पुण्याला निघून गेलीस. यंदा धनुर्मासात पहाटेच्या भजनाला आपल्या विठ्ठल मंदिरात मला एकटीला बसवलं. थंडी होती, प्रसादाच्या मूग-तांदळाच्या हुग्गीत मिरी फोडून घातल्याचा वास येत होता. मी मोहन धरला. आपला मोहन, तुझ्या पुण्यात ज्याला भूप म्हणतात तो. एक ओळ वाजवली आणि थांबले. तुझ्यासाठी जागा सोडली ग, सवयीने. भुजंगरावांनी मृदंगावर एक आवर्तन भरून काढलं, मग दुसरं. शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'अक्का, बस चुकली काय? पुढची पकडा!' सगळे हसले, मीही हसले. घरी आणलेली हुग्गी मात्र तशीच झाकून ठेवली.

भुजंगराव तसेच आहेत. दुकानात अजून स्वतः कात्री धरतात आणि मापं घेता घेता गिऱ्हाइकाच्या पाठीवर ताल धरतात. तुझी चौकशी सरळ करत नाहीत. 'पुण्याच्या बाईंना तिकडचं पाणी मानवलं वाटतं,' एवढंच, आणि मग चष्मा पुसत बसतात. तरुणचा मात्र मध्ये फोन आला होता. म्हणाला, 'मावशी, घरात कोणी रेडिओ लावला तरी आई उठून आत जाते.' तू म्हणशील, ज्या आवाजाची लोकांना आठवण आहे तो गेला, आता हा दुसरा घेऊन कशाला चारचौघांत बसायचं.

तर ऐक, हे पत्र का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात तू 'ठेवते' म्हणालीस आणि फोन ठेवलाच नाहीस. ओट्यावर राहिला असणार. नळाचा आवाज आला, काड्या मोडल्याचा आला, भाजी निवडत असशील. आणि मग तू गुणगुणलीस. मोहनच. खालच्या पट्टीत, थोडा खरखरीत, पहिला पाऊस न झालेल्या मातीसारखा कोरडा. एका स्वरावर आवाज फाटला. तू थांबली नाहीस, त्याला वळसा घालून पुढे गेलीस, आणि त्या वळशात असं काही केलंस जे मी तुझ्याकडून आजवर ऐकलं नव्हतं. चोरून ऐकलं, रागाव हवं तर. पण मी फोन मांडीवर ठेवून व्हायोलिन काढलं आणि चारही तारा तुझ्या त्या आवाजापर्यंत खाली उतरवल्या. तेव्हापासून त्या तिथेच आहेत. भुजंगरावांना सांगितलं, तर आधी कुरकुरले, 'या वयात मला दुसरा मृदंग काढायला लावता!' दुसऱ्या दिवशी बघते तर खालच्या पट्टीचा थोरला मृदंग पुसून ठेवलेला, वर त्यांनी स्वतः शिवलेली नवी गवसणी. रामनवमीच्या मांडवात पानक-कोसंबरीचा प्रसाद वाटून झाला की आपली पाळी असते, ती अजून दोघींच्या नावावरच आहे. यंदा आधी मी सुरू करीन, तू मागून ये. गायची नसलीस तर शेजारी नुसती बस. मी एक ओळ वाजवीन आणि थांबेन, या वेळी चुकून नाही. भुजंगराव हवी तेवढी आवर्तनं भरतील. आजवर जे तू मला म्हणत आलीस, ते एकदा मला म्हणू दे. जानके, बा ग.

तारा न चढवता वाट बघणारी
तुझीच
सरोजा