गोराईच्या चिखलातले उत्तर

प्रिय सुबोध,

हा पहिला शब्द लिहितानाच लेखणी बराच वेळ अडली होती.

गोराईच्या खारफुटीत आपण कार्बन मोजण्यासाठी मातीचे नमुने काढत होतो. मी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले होते आणि नेमके तेव्हाच तू विचारलेस, "रुचिरा, लग्न करशील माझ्याशी?"

मी म्हणाले, "आधी नळीचे झाकण लाव. हवा लागली तर नमुना बिघडेल."

तू निमूटपणे झाकण लावलेस. मग मी खाली पाहत तुला समजावू लागले, की इथे गळालेले पान चिखलात गाडले गेले, की त्यातला कार्बन शतकानुशतके तिथेच राहतो, सहजासहजी हवेत परतत नाही.

तू हसलास. "म्हणजे हो समजू का गं?"

मी दुसरी नळी मागितली.

दुसऱ्याच दिवशी तू संशोधनाच्या जहाजावर गेलास. माझे ते बोलणे तू नकार समजला असशील, या धास्तीने महिनाभर माझे वाचनात लक्ष लागले नाही. काल अखेर आईला सारे सांगितले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अगो, माका काय सांगतंस? तेका सांग मा!" आणि बाहेर बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसली.

म्हणूनच हे पत्र मी पाठवणार नाही; तुला समोरासमोरच सांगणार आहे. तू परतलास, की सोमवारी आपल्याला पुन्हा गोराईलाच जायचे आहे. या खेपेस तू काही विचारू नकोस. मीच आधी बोलेन. तेवढ्यात नळीला हवा लागली, तर खुशाल लागू दे.

तुझीच,
रुचिरा